अध्यक्षांनंतर बोलायचं नसतं

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.४०

नाही, एक मिनिट, आधी माझं पूर्ण होऊ द्या. मी पळून आलो नाही. नऊ वाजता माझी टीमची मीटिंग असते. कॅमेरा बंद असतो हे खरं, पण हजर राहावं लागतं. दुकानात उभा राहून तीन पानी सरकारी इंग्लिश नीट वाचत बसलो असतो आणि तिकडे कोणी माझं नाव घेतलं असतं, तर? आणि तोंड वाकडं करू नका. ही वही कोणी वाचत नाही, तरी सांगून ठेवतो.

झालं असं. आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या प्लाझात वसुधा मावशीचं पोळी-भाजीचं दुकान आहे. कोपऱ्यातलं युनिट, अकरा वर्षं. टेक्सासमधल्या आमच्या या अर्विंग गावातले निम्मे बॅचलर तिच्या पोळ्यांवर जगलेत. लग्नाआधी मीही. आज डबा घ्यायला गेलो तर तिने सिटीचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र पुढे केलं. म्हणाली, वाच रे देवदत्त, मला वाटतं आपल्याला काढतायत.

वाचलं. काढत वगैरे नाहीयेत. आपल्या रस्त्यावरच्या चार प्लाझांचा मिळून एक स्पेशल डिस्ट्रिक्ट करायचा म्हणतायत. तिथल्या मालकांनी नेहमीच्या टॅक्सवर आणखी एक टॅक्स द्यायचा, आणि तो पैसा फक्त याच रस्त्यावर लावायचा. दिवे, झाडांच्या कुंड्या, सिक्युरिटीची गाडी, आणि सुरुवातीला एक कमान. कमानीवर हत्ती. दोन.

मी म्हणालो, मावशी, टॅक्स मालकांवर आहे, तुम्हाला काय त्याचं? तर म्हणाली, माझ्या लीजमध्ये लिहिलंय, मालकावर जो टॅक्स बसेल तो माझ्या वाट्याचा माझ्याकडून. मे महिन्यात लीज संपतं. हे वरून बसलं तर मला नाही झेपायचं. बंद करीन. कांदे महागलेत म्हणून सांगावं इतक्या साध्या आवाजात.

मग म्हणाली, दहा एप्रिलला सिटी काउन्सिलपुढे हिअरिंग आहे, तू माझ्याबरोबर ये आणि माझ्या वतीने दोन मिनिटं बोल. मला दुकानातलं इंग्लिश येतं, माइकवरचं नाही येत.

म्हणालो, मावशी, झालं समजा. आणि निघालो. मीटिंग होती.

मंगळवार, ४ मार्च

शिवांगीला सांगितलं. शिवांगी म्हणजे माझी बायको. तीही नागपूरची, मावशीही नागपूरची, त्यामुळे त्या दोघी एकत्र आल्या की मी आपोआप पाहुणा होतो. ती म्हणाली, दोनच मिनिटं बोलायचंय ना, मग आत्ता बस आणि लिहून टाक. मी म्हणालो, असं होत नसतं, आधी जनमत तयार करावं लागतं. ती म्हणाली, गेल्या वर्षी स्पीडिंगच्या दंडाच्या तिकिटासाठी पण तू जनमतच तयार करत होतास, शेवटी मी भरलं ते.

ते वेगळं होतं.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आठवीत आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस होतं. विषय, मी सरपंच झालो तर. परीक्षक म्हणाले होते, या मुलाची सुरुवात फार चांगली आहे.

उद्यापासून सहाला उठणार. आरशासमोर सराव. इन्स्टा डिलीट.

बुधवार, ५ मार्च. १०.५०

उठलो.

शुक्रवार, ७ मार्च

सिटीत फोन केला. (शिवांगीने नंबर लावून हातात दिला.) तिकडची बाई फार चांगली बोलली. म्हणाली, प्रॉपर्टी ओनर्सच्या सह्या आलेल्या आहेत, आता निर्णय काउन्सिलचा. पण भाडेकरू दुकानदार येऊन बोलले तर काउन्सिल ऐकतं, पुढे ढकलू शकतं, छोट्या दुकानांसाठी काही सवलत घालू शकतं. फक्त कोणीतरी येऊन स्पष्ट बोललं पाहिजे, नाहीतर आम्हाला कळणार कसं.

म्हणजे चान्स आहे. चांगलाच चान्स आहे.

मावशीला जाऊन सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही पण जरा हळू झालं. म्हणाली, खरं का रे? आणि डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या.

आनंद व्हायला हवा होता. नक्की झाला का ते सांगता येत नाही. पोळ्या खाल्ल्या.

रविवार, ९ मार्च

आज इथल्या उन्हाळी नियमाने घड्याळ एक तास पुढे गेलं. आता सहा म्हणजे आधीचे पाच. पाचला उठायचं मी कधीच म्हणालो नव्हतो. तो संकल्प तूर्त होल्डवर.

संध्याकाळी ग्रोसरीच्या दुकानात सुमंतकाका भेटले. ते मावशीच्या प्लाझाचे मालक, आणि डिस्ट्रिक्टची मूळ कल्पनाही त्यांचीच. त्र्याहत्तर साली डॉक्टर म्हणून आले. भूलतज्ज्ञ. आता रिटायर्ड. इथे मराठी माणसाचा कुठलाही कार्यक्रम असो, पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांची.

मी ठरवलं, तोंडावर सांगायचं. काका, आमचा विरोध आहे. बस्स, चार शब्द. ते भेंडीची टोकं मोडून बघत होते. मी गेलो आणि आधी वाकून नमस्कार केला. ते प्रतिक्षिप्त आहे, त्याला मी काही करू शकत नाही. ते म्हणाले, अरे देवदत्तराव! आम्ही आलो तेव्हा या गावात हळद मिळायची नाही हो, हळद! ह्यूस्टनहून कोणी येणार असेल तर सांगून ठेवायचो. आणि आता बघा, कमान. तुमची मुलं त्या कमानीखालून जातील.

आम्हाला मुलं नाहीत. तरी मला ती कमानीखालून जाताना दिसली.

म्हणालो, कल्पना छान आहे काका.

ही डिप्लोमसी. समोरच्याला आधी बेसावध करायचं.

बुधवार, १२ मार्च

काही नाही.

रविवार, १६ मार्च

सभा घ्यायची. एकटा माणूस बोलला तर ती तक्रार होते, चाळीस माणसं बोलली तर चळवळ. सगळ्या दुकानदारांना बोलवायचं, गिऱ्हाइकांना बोलवायचं, ठराव करायचा, तो ठराव घेऊन दहा तारखेला जायचं.

शिवांगी म्हणाली, आणि भाषण? मी म्हणालो, ते त्यातून आपोआप तयार होईल. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्या टी-शर्टांपाशी आली आणि ते तसेच ठेवून उठली.

गुरुवार, २० मार्च

हॉल मिळत नाही. लायब्ररीची खोली बुक्ड. देवळाच्या हॉलमध्ये लग्न. आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसला पंधराच माणसं चालतात आणि बाहेरचं खाणं चालत नाही. खाण्याशिवाय कोण येणार?

ग्रोसरीच्या वर एक हॉल आहे. पन्नास खुर्च्या, साउंड सिस्टिम, फुकट. पण तो सुमंतकाकांचा.

दुपारी २.१५. फोन केला. काका म्हणाले, घ्या की, विचारताय काय? कशाबद्दल कार्यक्रम? मी म्हणालो, डिस्ट्रिक्टबद्दल काका, एक चर्चा. वा वा वा, म्हणाले, तरुणांनी हे हातात घ्यायलाच पाहिजे.

त्यांना खोटं काही सांगितलं नाही. चर्चाच आहे.

शनिवार, २२ मार्च

आता जरा अडचण आहे. हॉल ज्यांचा, त्यांना बोलावलं पाहिजे. न बोलावणं हा उद्धटपणा. बोलावलं की ते समोर खुर्चीत थोडेच बसणार, स्टेजवर बसवायला हवं. आणि बावन्न वर्षं इथे काढलेला माणूस स्टेजवर बसवून त्याच्या शेजारी दुसऱ्याला अध्यक्ष करणार? कोणाला? मला?

शिवांगी म्हणाली, अध्यक्ष लागतोच कशाला? खुर्च्या मांडा, बोला, वडे खा, घरी जा. मी म्हणालो, अध्यक्षाशिवाय चाळीस माणसं जमली तर तिला सभा म्हणत नाहीत, गर्दी म्हणतात.  ती म्हणाली, ज्याच्या विरोधात सभा, तोच अध्यक्ष?

हीच तर खेळी आहे. अध्यक्षाने तटस्थ राहायचं असतं. अध्यक्ष केलं की त्यांचं तोंड बंद.

काकांना फोन केला. ते म्हणाले, आता हे वयाला शोभत नाही, पण तुमचा आग्रहच असेल तर.

आग्रह मी केला नव्हता. मग केला.

सोमवार, २४ मार्च

सभा शनिवारी, २९ तारखेला, चार वाजता. दुसऱ्या दिवशी पाडवा. हे लक्षात नव्हतं. मावशी म्हणाली, अरे, त्या दिवशी माझ्याकडे सगळ्या गावाचं श्रीखंड आणि पुरणपोळ्या आहेत. मी कशी येऊ? तारीख बदल ना.

म्हटलं, मावशी, अध्यक्षांची तारीख मिळालेली आहे, आता बदलता येत नाही. आणि तुमचं असणं प्रतीकात्मक आहे, तुमच्या जागी आम्ही आहोत.

ती म्हणाली, बरं बाबा. सभेचे वडे देऊ का? म्हटलं, द्या. पैसे घ्या पण. नाही घेतले.

शुक्रवार, २८ मार्च

कार्यक्रमपत्रिका तयार. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागत, प्रास्ताविक (मी), मनोगतं, प्रश्नोत्तरं, ठराव, अध्यक्षीय समारोप, आभार (मी). फॉन्ट तीनदा बदलला. चार तास गेले. ऑफिसचं एकही काम केलं नाही, कोणाला कळलंही नाही. याचं वाईट वाटायला पाहिजे का, यावर विचार करत थोडा वेळ पडलो.

शनिवार, २९ मार्च

दुपारी ३.३०. खुर्च्या मांडल्या. हॉलमध्ये ज्योत लावायला परवानगी नाही, काकांचाच नियम. बॅटरीवरची समई आणली. काकांनी तिचं बटण दाबून दीपप्रज्वलन केलं.

४.४०. सेहेचाळीस माणसं. सेहेचाळीस!

५.१०. माझं प्रास्ताविक पंचवीस मिनिटं झालं. लोकशाही म्हणजे काय इथून सुरुवात केली. छान झाली. मावशीचं नाव पुढच्या भागात येणार होतं, पण वडे गार होत होते.

५.३०. मनोगतं. किराणावाल्यांचा देवांग म्हणाला, दिवे चांगले आहेत. ब्युटी पार्लरची प्रीता म्हणाली, टॅक्सचं जरा बघा ना. मग काकांकडे बघून म्हणाली, म्हणजे मी आपलं सहज म्हटलं.

५.४५. वेळ कमी म्हणून प्रश्नोत्तरं आणि ठराव मी पुढे ढकलले. समारोपानंतर घेऊ म्हटलं.

काका बोलायला उभे राहिले. सत्तेचाळीस मिनिटं. हळद. ह्यूस्टन. पहिला गणपती कोणाच्या तरी गॅरेजमध्ये. मग कमान, हत्ती, कुंड्या. भूल देणारी ही माणसं आयुष्यभर लोकांना झोपवत आली आहेत, त्यांचा आवाजच तसा आहे. कोणी उठलं नाही. कोणी मोबाइलसुद्धा बघितला नाही. शेवटी म्हणाले, आजचा प्रतिसाद बघून मला खात्री पटली. टाळ्या.

मागून परीक्षित उठला. परीक्षित हा माझाच मित्र, मावशीकडे रोज जेवतो. म्हणाला, काका, एक प्रश्न होता, या टॅक्सने वसुधा मावशीचं दुकान…

मी त्याला माइकवरून थांबवलं. म्हटलं, परीक्षित, अध्यक्षांनंतर बोलायचं नसतं.

तो बसला. बसणारच. नसतंच बोलायचं.

मग आभार. समईपासून साउंडपर्यंत कोणाला सोडलं नाही. शेवटी म्हणालो, आदरणीय काकांच्या या उपक्रमाला आपणा सर्वांच्या मनःपूर्वक शुभेच्छा आहेतच. आभारात हे म्हणावंच लागतं, नाहीतर शेवट होत नाही. पुन्हा टाळ्या. काकांच्या पुतण्याने शूट केलं, म्हणाला, मस्त लाइन होती.

एकूण प्रचंड यशस्वी. ठराव राहिला तेवढा.

रविवार, ३० मार्च. पाडवा

मावशीने विचारलं, काय झालं रे सभेत? म्हटलं, सेहेचाळीस माणसं, मावशी. ती म्हणाली, ते वड्यांवरून कळलं, झालं काय? डोळे लाल होते तिचे, रात्रभर पुरण चाललं होतं. म्हटलं, वातावरण तयार झालंय.

गुढी उभारली. बाल्कनीच्या रेलिंगला. अपार्टमेंटच्या लीजिंग ऑफिसमधून मेल आला, बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत.

शनिवार, ५ एप्रिल

सिटीच्या वेबसाइटवर हिअरिंगचे कागद आले. शिवांगीने उघडले. तिसऱ्या पानावर माझं नाव आहे! देवदत्त, भाडेकरू आणि रहिवाशांच्या वतीने सभेचे आयोजक. सेहेचाळीस जणांची उपस्थिती, सह्यांसकट. सभेचा समारोप प्रकल्पाला सर्वांच्या शुभेच्छा देऊन झाला, असं लिहून खाली व्हिडिओची लिंक.

सह्या उपस्थितीच्या होत्या. ते पान मी हॉलमध्येच विसरलो होतो. काकांनी जपून ठेवलं. काही झालं तरी माणूस व्यवस्थित.

शिवांगीला म्हटलं, सिटीच्या कागदात नाव येणं सोपं नाही, आपण आता सिस्टिमच्या आत आहोत. तिने लॅपटॉप बंद केला. म्हणाली, मावशीला तू सांगणार आहेस का मी सांगू? मी म्हणालो, हिअरिंगनंतर सांगू, ती उगाच टेन्शन घेईल.

ती म्हणाली, ती घेतच नाहीये टेन्शन, ती तुझ्यावर विसंबून आहे.

मी लॅपटॉप उघडून तिसरं पान पुन्हा वाचलं. 

मंगळवार, ८ एप्रिल

भाषण लिहायला बसलो. पहिली ओळ फार सुंदर झाली. ती वाचत राहिलो.

गुरुवार, १० एप्रिल. दुपारी ४

आज. मावशीने अकरा वर्षांत पहिल्यांदा दुपारी दुकान बंद केलं. दारावर हाताने लिहिलेली चिठ्ठी, आज संध्याकाळी जेवण नाही. माझ्या गाडीत बसली. इस्त्रीची साडी. हातात पर्स दोन्ही हातांनी धरलेली. म्हणाली, मी पण नाव देऊ का रे बोलायला? घाबरत घाबरत एक वाक्य तरी बोलीन.

म्हटलं, मावशी, नको. दोघं बोललो की मुद्दा पातळ होतो. तुम्ही फक्त बसा, मी आहे.

शुक्रवार, ११ एप्रिल. सकाळी ११

लिहून टाकतो. क्रमाने.

बोलायचं असेल त्याने आधी नावाचं कार्ड भरून द्यायचं, मग प्रत्येकाला तीन मिनिटं. पोडियमवर छोटे दिवे असतात. हिरवा, मग पिवळा, मग लाल. पहिले काका बोलले. कागद न बघता. दोन मिनिटं चाळीस सेकंद. सत्तेचाळीस मिनिटं बोलणारा माणूस, आणि इथे हिरव्यात संपवलं.

काउन्सिलमधल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, हे सगळं छान आहे, पण छोट्या भाडेकरू दुकानदारांचं काय? टॅक्स शेवटी त्यांच्यावर तर जाणार नाही? त्यांच्यातलं कोणी इथे आहे का? त्यांनी खरोखर विचारलं. चष्मा काढून विचारलं. काका म्हणाले, तिसरं पान बघा, आणि त्यांचे प्रतिनिधी पुढे बोलणारच आहेत. आणि मागे वळून माझ्याकडे बघून हसले. प्रेमाने. खोटं हसू नव्हतं ते.

माझं नाव पुकारलं. गेलो. माइक नीट केला. मावशी तिसऱ्या रांगेत होती, शिवांगीच्या शेजारी.

मी सुरुवात केली. ऑनरेबल मेयर. ऑनरेबल काउन्सिल मेंबर्स. नावं पाठ केली होती, सगळी घेतली. सिटीचा स्टाफ. रिस्पेक्टेड डॉक्टर सुमंत, ज्यांनी त्र्याहत्तर साली. हळद मी सांगणार नव्हतो. सांगितली. लोक हसले, छान हसले. मग इथे जमलेले सर्व रसिक नागरिक, त्यातल्या रसिकला इंग्लिश शब्द सापडेना, त्यात थोडा वेळ गेला. पिवळा. म्हटलं, आता मुद्द्याकडे येतो. इट इज माय प्रिव्हिलेज, म्हटलं, टु स्टँड हिअर. लाल.

त्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, वेळ संपली आहे, पण एकच विचारते. तुम्ही दुकानदारांच्या वतीने आहात. तुम्ही बाजूने की विरोधात?

एका शब्दाचं उत्तर होतं. इंग्लिशमध्येही एकाच शब्दाचं. काका पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत. मान हलवत होते, की बोला बोला.

मी म्हणालो, मॅडम, आय अॅम ग्रेटफुल.

थँक यू, त्या म्हणाल्या. चष्मा घातला.

आणखी कोणाची कार्डं नव्हती. मावशीने हात वर केला. पूर्ण वर नाही, खांद्याएवढा. शाळेत बाथरूमला जायचं विचारताना करतात तसा. मेयरनी तिकडे बघितलं नाही, कार्ड नव्हतं ना. हिअरिंग क्लोज्ड म्हणाले. मतं घेतली. सगळे बाजूने.

परत निघालो. सिग्नलला थांबल्यावर मावशी म्हणाली, भूक लागली असेल ना तुम्हाला. एवढंच. शिवांगी मागच्या सीटवर तिचा हात धरून बसली होती.

मला काय वाटलं ते लिहायचं होतं. काही वाटलं नाही. दात काढताना गाल जसा असतो, तसा मी सगळा होतो.

रविवार, १३ एप्रिल

विचार केला तर हा पराभव नाही. आपला आवाज रेकॉर्डवर गेला आहे. हिअरिंगच्या मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, माझं नाव दोनदा आहे.

मंगळवार, १५ एप्रिल

मावशी लीज पुढे घेत नाहीये. शिवांगीने सांगितलं. फ्रिस्को गावातल्या एका रेस्टॉरंटने पोळ्या लाटायला बोलावलंय, तासावर. त्यांच्याकडे पोळ्यांचं मशीनही आहे, गर्दी वाढली की ते लावतात, तेव्हा हिने भांडी.

शिवांगी दुकानात जाते रोज संध्याकाळी. खोकी गोळा करतेय. मी येऊ का म्हटलं. ती म्हणाली, खोकी उचलायला अध्यक्ष लागत नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल

काकांचा फोन. म्हणाले, वसुधाताई जातायत म्हणे, मला फार वाईट वाटलं हो. खरंच वाटलं असणार, आवाज जड होता. म्हणाले, भाडं मी वाढवलं नसतं हो, पण टॅक्सचं माझ्या हातात नाही, ते सगळ्यांना सारखं. तर आपण त्यांचा सत्कार करू. हॉल आहेच. शाल, श्रीफळ, मानपत्र. सूत्रसंचालन तुमचं. तुमच्याशिवाय कोण करणार?

म्हटलं, बघतो काका.

मग म्हटलं, करतो.

मंगळवार, २२ एप्रिल

मानपत्र लिहितोय. सुरुवात फार चांगली झाली आहे. अन्नपूर्णा हा शब्द टाळलाय. शिवांगी दुसऱ्या खोलीत झोपते, तिला सकाळी लवकर उठायचं असतं.

शनिवार, २६ एप्रिल

शिवांगीने मानपत्र वाचलं.  पेन घेतलं, वर मावशीचं नाव चुकून वसुंधरा झालं होतं ते दुरुस्त केलं, आणि कागद परत दिला.

बुधवार, ३० एप्रिल. सकाळी १०.२०

दुकानात गेलो. सत्काराचं आमंत्रण द्यायला. रविवारी, चार वाजता.

फळ्या रिकाम्या. शेगडी गेलेली, भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन. मावशी सिंकपाशी मोठी परात घासत होती. मला बघून म्हणाली, ये, बस, पण बसायला काही नाही. डबा नाही आज. मग नळ चालूच ठेवून परत घासायला लागली.

आमंत्रण पाठ होतं. आदरणीय वसुधाताई, आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल. तोंड उघडलं. निघालं भलतंच. म्हटलं, मावशी, त्या बाईंनी मला सरळ विचारलं होतं, मला उत्तर माहीत होतं. काकांच्या समोर नाही म्हणता आलं नाही. आणि कार्ड भरू नका म्हणून तुम्हाला मीच सांगितलं. तुम्ही बोलला असतात तर त्यांनी ऐकलं असतं. एवढंच.

अध्यक्ष नव्हते. आभार नव्हते. दहा सेकंद लागली असतील.

तिने नळ बंद केला. हात पुसायला लागली, हळूहळू, एकेक बोट.

मी दार ढकललं. उघडेना. अकरा वर्षं ते आत ओढायचं दार आहे. ओढलं. बाहेर पडलो.